चाळीस हेक्टरांचा उंबरठा

ज्या शोधनिबंधामुळे माझे नाव झाले, त्यात एक वाक्य असे आहे: ‘चाळीस हेक्टरांहून मोठ्या वनखंडांत मोठ्या बियांच्या वृक्षांचे पुनरुज्जीवन अबाधित राहते.’ हे वाक्य लिहिताना माझा चहा निवला होता, कारण नुसते ‘अबाधित’ लिहावे की ‘बहुतांशी अबाधित’, यावर मी पाऊण तास घालवला. शेवटी ‘बहुतांशी’ काढून टाकले. त्याने वाक्य लंगडत होते. आज त्या न लंगडणाऱ्या वाक्याच्या आधारावर अकरा हजार हेक्टरांचे एक सलग जंगल एकतीस तुकड्यांत कापले जात आहे. सर्वांत लहान तुकडा बेचाळीस हेक्टरांचा आहे. वरचे दोन हेक्टर बहुधा माझ्या मानासाठी सोडले असावेत.

ज्या झाडावर मी बावीस वर्षे काम केले, त्याला आमच्या विभागात सगळे ‘थोरला’ म्हणत. त्याचे शास्त्रीय नाव उच्चारताना विद्यार्थ्यांचे दात एकमेकांवर आपटत, म्हणून हे घरगुती नाव पडले. थोरल्याची बी कोंबडीच्या अंड्याएवढी असते. वारा तिला हलवू शकत नाही, मुंगी तिच्याकडे बघून पुढे जाते. तिला गिळू शकेल असा एकच पक्षी आहे, धनेश. तो फळ गिळतो, गर पचवतो आणि अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर, भलत्याच झाडावर बसून बी ओकून टाकतो. जंगलाच्या पुढच्या तीनशे वर्षांची सोय अशी, एका ओकारीने होते. ती झाली नाही, तर बी आईच्या पायाशी पडते, आणि तिथे बुरशी, अळ्या आणि आईचीच सावली तिची वाट बघत असतात. थोरल्याचे रोप आपल्या आईच्या छायेत तीन वर्षांहून अधिक जगल्याचे मी पाहिलेले नाही. मातृछायेबद्दल इतर शाखांतील विद्वानांनी जे लिहून ठेवले आहे, ते थोरल्याने वाचलेले नसावे.

धनेशाला मात्र मोठे जंगल लागते. जंगल कापून तुकडे केले, तुकड्यांमध्ये रबराची लागवड केली, की तो काही वर्षांत निघून जातो. मग तुकड्यात थोरला उभा असतो, फळतो, त्याच्या फांद्यांवर माकडे भांडतात, आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही वाटावे की सगळे ठीक चालले आहे. ज्याचे आयुष्य तीनशे वर्षांचे, त्याचा निर्वंश डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी गुडघ्यांवर बसून रोपे मोजावी लागतात.

ते आम्ही करत होतो. रबराच्या मळ्यांत विखुरलेले सात तुकडे निवडले होते, आणि तुलनेसाठी ते अकरा हजार हेक्टरांचे सलग जंगल. प्रत्येक ठिकाणी दोऱ्या बांधून चौकोन आखायचे, चौकोनात दिसेल त्या रोपाला नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला तारेने बांधायचा, उंची मोजायची, पाने मोजायची, आणि वर्षभराने परत येऊन कोण उरले ते बघायचे. या ‘आम्ही’मध्ये दरवर्षी बदलणारे दोन विद्यार्थी, मी आणि मामा असत. मामा म्हणजे आमचे क्षेत्रसाहाय्यक, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. मुळात ते रजेवर गेलेल्या ड्रायव्हरच्या जागी सहा आठवड्यांसाठी आले होते. ड्रायव्हर परत आला, पण तोपर्यंत मामांना शंभर झाडे पानांवरून ओळखता येऊ लागली होती आणि ड्रायव्हरला बावीस वर्षांत एकही ओळखता आले नाही.

पहिल्या दोन मोजण्यांत सातही तुकड्यांत अपेक्षित तेच दिसले. मातृवृक्षांच्या पायाशी रोपांची गर्दी, आणि ती वर्षभरात मेलेली. पलीकडे शून्य. चौथ्या वर्षापासून मात्र तुकडा क्रमांक चार आणि क्रमांक सहामध्ये एक विलक्षण गोष्ट घडू लागली. मातृवृक्षांपासून पन्नास-साठ पावलांवर, एकमेकांपासून सुटी सुटी, निरोगी रोपे उगवली. पाचव्या वर्षी आणखी. धनेश तर तिथून कधीच गेले होते. मग बी नेली कुणी? उरलेल्या पाच तुकड्यांत हे घडत नव्हते आणि ते पाचही चाळीस हेक्टरांहून लहान होते. चार आणि सहा तेवढे मोठे. आकडे आलेखावर मांडले तेव्हा चाळीसच्या ठिकाणी रेषा अशी उभी राहिली की कुणाही संशोधकाच्या पोटात फुलपाखरू नव्हे, चांगला गरुड उडावा.

मी सिद्धान्त मांडला. पक्षी गेले तरी पुरेशा मोठ्या तुकड्यात घुशीसारखे प्राणी त्यांची जागा घेतात, बिया उचलून नेतात, पुरतात आणि विसरतात. त्यांना मी ‘पर्यायी वाहक’ म्हटले. पुरावा म्हणून चार कॅमेरे झाडांना बांधले. सात महिन्यांत एका कॅमेऱ्याला एक घूस थोरल्याची बी दातांत धरून जाताना दिसली. एकदा. तो फोटो आजवर तीन पाठ्यपुस्तकांत छापला गेला आहे. त्या घुशीने पुढे त्या बीचे काय केले, हे जगात कुणालाही ठाऊक नाही. बहुधा खाल्ली. निबंधाच्या शेवटी मी आभार मानले: आधी संस्थेचे, मग परदेशातील दोन प्राध्यापकांचे, मग ‘क्षेत्रकार्यातील साहाय्याबद्दल’ मामांचे. त्या पानाची प्रत मामांनी मागून घेतली.

निबंध छापल्यानंतर पाच वर्षांनी मामा निवृत्त झाले. उजवा गुडघा आधीच गेला होता, त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या जागी कुणी नेमले गेले नाही. त्यानंतरच्या तीन मोजण्यांत चार आणि सहामध्ये एकही नवे रोप सापडले नाही.

तीन वर्षे मी कारणे शोधली. पहिल्या वर्षी कमी पाऊस, दुसऱ्या वर्षी बुरशी, तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांचा निष्काळजीपणा. एवढ्या कारणांवर दोन लहान निबंध झाले असते. त्यातला एक मी लिहायलाही घेतला होता. तेवढ्यात ‘सरासरी’चा फोन आला.

सरासरी हा माझा जुना विद्यार्थी. कशाचीही सरासरी काढायची खोड असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. जेवणाच्या डब्यांतील पोळ्यांचीही तो काढत असे. हुशार, नम्र, कष्टाळू. आता तो प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल तयार करतो. त्या सलग जंगलाखाली खनिज निघाले होते. खाणींचे रस्ते, विजेच्या तारांचे पट्टे आणि मालवाहू पट्टा यांची आखणी त्याच्याकडे आली होती. तो अतिशय आदराने म्हणाला, “मॅडम, एकही तुकडा तुमच्या चाळीस हेक्टरांच्या उंबरठ्याखाली जाऊ दिला नाही. इंजिनियर लोक ऐकत नव्हते, मी अडून बसलो.” अंतिम सुनावणी एकोणीस दिवसांवर होती, आणि माझ्या निबंधाची प्रत त्याच्या अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडलेली होती. माझा विद्यार्थी माझ्यासाठी अडून बसला होता. मी त्याचे आभार मानले, असे आठवते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच तुकडा क्रमांक चारमध्ये गेले. तीन वर्षांची शून्ये सुनावणीपुढे मांडायची तर कारण हवे होते. मी मातृवृक्षांपासून दूर उगवून पुढे मेलेल्या रोपांपैकी एक मुळासकट उकरले. बीचे कवच अजून मुळाला चिकटून होते. ते आडवे होते, सपाट बाजू खाली, जमिनीत साधारण दीड इंच खोल. दुसरे उकरले. आडवे, सपाट बाजू खाली, दीड इंच. नऊ रोपे उकरली. नऊही आडवी, आणि प्रत्येकाच्या वरची माती एकाच प्रकारे दाबून बसवलेली, जशी पाकिटावरची तिकिटे दाबतात. घूस बी कशीही पुरते. उभी, तिरपी, कधी हातभर खोल. आणि घुशीला अंगठा नसतो.

मी जमिनीवरच बसले. पिशवीतला नकाशा उघडला. तुकडा चार आणि तुकडा सहा हे आमच्या क्षेत्रकेंद्रापासून मामांच्या घराकडे जाणाऱ्या पायवाटेवर होते. उरलेले पाच नदीपलीकडे, जिथे वर्षातून एकदा मोजणीसाठी जीप जात असे. त्याच नकाशाची एक प्रत बावीस वर्षे माझ्या टेबलाच्या काचेखाली होती.

मामांचे घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत पलंग, पलंगावर मामा, उजव्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर मामी कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाला पट्टी लावत होत्या. दारामागच्या खिळ्यावर एक हिरवट पिशवी लटकत होती. ती आमच्या मोडीत काढलेल्या तंबूच्या कापडाची होती. मामींनी शिवलेली ती पिशवी मी मामांच्या खांद्यावर रोज पाहिली होती, आणि तिच्यात त्यांचा डबा असतो असे धरून चालले होते.

मी उकरलेले कवच स्टुलावर ठेवले आणि विचारले, चार नंबरातली रोपे कुणी लावली.

मामांनी कवच उचलून उलटसुलट केले. मामींकडे बघितले. मामींनी यंत्र न थांबवता म्हटले, “सांगा आता. पंधरा वर्षं मी ती पिशवी धुतलीये. एक फूल कधी आणलं नाही माणसानं, बिया मात्र मणभर.”

“लावली नाहीत बाई,” मामा म्हणाले. “नुसती टाकली. जरा अंगठ्यानं दाबायची, बस. लावणं म्हणजे वेगळं.”

मग त्यांनी सगळे सांगितले, आणि सांगताना त्यांचा आवाज एखादा जुना कारागीर आपल्या हत्यारांबद्दल बोलतो तसा सैल होत गेला. तिसऱ्या वर्षी मोजणी संपल्यावर मी म्हणे चार नंबरातल्या मोठ्या झाडाला टेकून म्हणाले होते की इथला धनेश गेला, आता इथे पुढे काही नाही. मला हे मुळीच आठवत नाही. मामांनी घरी जाता जाता विचार केला, की धनेश तरी काय करतो, उचलून नेतो एवढेच ना. आपण तर या वाटेने रोज जातोच. जाता जाता होण्यासारखे काम होते. फळे पिकण्याचे सहा आठवडे ते झाडाखालची फळे पिशवीत भरून घरी नेत. परसात बादलीत दोन दिवस भिजत घालत, काथ्याने गर घासून काढत, कारण धनेशाच्या पोटात गर जातो हे मीच जीपमध्ये शिकवले होते. तरंगणाऱ्या बिया पोचट म्हणून फेकून देत. तळाशी बसलेल्या तेवढ्या पिशवीत भरून दुसऱ्या दिवशी वाटेत टाकत जात. झाडापासून साठ पावले मोजून. दोन बिया कधी जवळ नाहीत. भावंडे जवळ आली की भांडतात, हेही माझेच वाक्य.

मी शिकवलेला सिद्धान्त त्यांनी राबवला होता, आणि मग मी येऊन तो मोजला होता, आणि जगाला सांगितले होते की निसर्ग हे स्वतःहून करतो.

दोरीच्या आतही टाकल्या का, असे मी विचारले. त्यावर ते पहिल्यांदा अवघडले. “आधी नाही टाकल्या. ते तुमचं होतं. पण मग सगळीकडे रोपं आणि दोरीच्या आतच रिकामं, ते काही बरं दिसेना.”

मला इतक्या वर्षांत सांगितले का नाही, याचे उत्तर त्यांनी जरा चकित होऊनच दिले. मला ठाऊक असेल असे त्यांना वाटले होते. वाट मला ठाऊक, पिशवी माझ्या डोळ्यांसमोर, आणि मोजणीला आले की मी इतकी खूश होत असे. “नंतर तुम्ही तो घुशीचा फोटो दाखवलात. म्हटलं, घूसही टाकत असेल. सगळं काय मीच करतो असं थोडंच आहे.”

या वाक्यावर हसावे की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. एवढ्या नम्रतेपुढे माझा निबंध टिकणे शक्य नव्हते.

म्हणजे तो उंबरठा क्षेत्रफळाचा नव्हताच. एका माणसाची घरी जाण्याची वाट कोणत्या दोन तुकड्यांतून जाते, एवढाच त्याचा अर्थ होता. मी मामांना एकतीस तुकड्यांबद्दल सांगितले. माझ्या निबंधाचा त्याच्याशी काय संबंध, तेही सांगितले. शिवणयंत्र थांबले.

“म्हणजे माझ्यामुळे तोडणार ते?” मामांनी विचारले.

माझ्यामुळे, असे मी म्हणाले. ते खरे होते, आणि त्याचा खोलीत कुणालाही उपयोग झाला नाही. मी त्यांना सांगितले की मला निबंध मागे घ्यावा लागेल, कारण लिहावे लागेल, आणि त्यात त्यांनी काय केले ते येईल. लोक म्हणतील, साहाय्यकाने आकडे बिघडवले. मामांनी गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी इकडची तिकडे केली.

“लिहा काय लिहायचं ते. नावही घाला,” ते म्हणाले. “फक्त रोपं खोटी होती असं लिहू नका बाई. रोपं खोटी नव्हती.”

मी निबंध मागे घेतल्याचे पत्र नियतकालिकाला पाठवले, सुनावणीच्या समितीला प्रत जोडली, आणि सोळा दिवसांत अहवाल तयार केला. इतका सरळ, इतका निर्दय अहवाल मी आयुष्यात दुसरा लिहिलेला नाही. त्यात एकही ‘बहुतांशी’ नव्हता. मला खरोखर वाटत होते की हे पुरेल. इतकी वर्षे पुस्तकांत काढलेल्या माणसाला, चुकीच्या वाक्याने जे घडले ते बरोबर वाक्याने थांबते, अशी एक अंधश्रद्धा जडलेली असते.

सुनावणी एका लांब टेबलाच्या दालनात झाली. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, कोरा कागद आणि टोक केलेली पेन्सिल. भिंतीवर जंगलाचा नकाशा, त्यावर लाल रेषा. दुरून तो तडकलेल्या बशीसारखा दिसत होता. कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘स्पष्टीकरण’ या शीर्षकाखाली नवव्या क्रमांकावर होता. मला बारा मिनिटे मिळाली. मी आडवी बी, अंगठा, पायवाट, तीन वर्षांची शून्ये, सगळे मांडले. सांगितले की पक्ष्यांवाचून तुकड्यांत थोरला वाचतो याला आता कसलाही पुरावा उरलेला नाही. वाचला तो एका माणसाच्या श्रमाने, आणि तो माणूस आता जिना चढू शकत नाही. समितीतील एका बाईंनी डोळे टिपले. क्षणभर मला वाटले, झाले.

मग सरासरी उठला. त्याने आधी माझ्या प्रामाणिकपणाला वाकून नमस्कार केला, आणि त्यात ढोंग नव्हते. त्याचे डोळे चमकत होते. अवघड गणित सुटल्यावर ते तसेच चमकत.

“मॅडमनी आज जे सिद्ध केलं, ते आधीच्या निबंधापेक्षा मोठं आहे,” तो म्हणाला. “घुशींवर आपला ताबा नाही. माणसावर आहे. एक माणूस, फावल्या वेळात, एका पिशवीच्या जोरावर दोन तुकडे पंधरा वर्षं चालवू शकला. आपल्याकडे एकतीस तुकडे. म्हणजे साडेपंधरा माणसं. सोळा धरू.”

कोऱ्या कागदांवर पेन्सिली चालू लागल्या. इतका वेळ त्यांना लिहिण्यासारखे काही मिळाले नव्हते.

मी म्हणाले की मामांनी एक झाड सांभाळले. त्या जंगलात मोठ्या बियांची पावणेदोनशे प्रकारची झाडे आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांची फळे कुणी कधी मोजलेली नाहीत. तुकड्यांच्या कडांनी वारा आत शिरतो, आधी तोच सर्वांत मोठी झाडे पाडतो. चारमध्ये अकरा मातृवृक्ष होते, आता पाच आहेत. अध्यक्षांनी सौम्यपणे निदर्शनास आणले की हे मुद्दे नवे असून पत्रिकेवर नाहीत. मग मी जे विचारायला नको होते ते विचारले. थोरला तीनशे वर्षे जगतो. तुम्ही तीनशे वर्षे माणूस ठेवणार आहात का?

“तीनशे वर्षांची हमी, बाई, आमच्या खुर्चीचीही नाही,” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. विनोद वाईट नव्हता. डोळे टिपणाऱ्या बाईही हसल्या, आणि चहा आला.

बाहेर सज्जात सरासरीने मला गाठले. चिडू नका म्हणाला. प्रकल्प होणारच होता; निदान आता त्यात जंगलासाठी एक अट तरी असेल, आणि ती माझ्यामुळे. मामांना प्रशिक्षक म्हणून बोलावता येईल का, बसून शिकवले तरी चालेल, गाडी पाठवू. त्याला मी चार वर्षे शिकवले होते. निष्कर्ष पुराव्याहून मोठा काढू नये, हे सांगितले होते. पुराव्याहून लहान निष्कर्ष कसा काढतात आणि त्यात केवढे जंगल मावते, हे तो स्वतः शिकला होता.

सात आठवड्यांनी मंजुरी आली. अट क्रमांक सत्तावीस: ‘उपलब्ध मातृवृक्षांच्या बियांचे मानवी साहाय्याने वहन. सोळा पदे, कंत्राटी, प्रारंभी दोन वर्षांसाठी.’ खाली आधार म्हणून दोन संदर्भ होते. एक माझा मागे घेतलेला निबंध. दुसरे, तो मागे घेतल्याचे माझे पत्र.

त्याच सुमारास चार नंबरात फळे पिकली. मी जाऊन पाचही झाडांखालून मिळतील तेवढी गोळा केली, हिरव्या पिशवीत भरली आणि मामांकडे नेली. त्यांनीच पिशवी पाठवून तसे सांगितले होते. गुडघा बरा नव्हता, पण परसातल्या बुटक्या पाटावर बसून काथ्याने घासता येते, म्हणाले. आणि चालायला माझे पाय आहेतच. माझ्या मनात काय होते ते लपवण्यात अर्थ नाही. एकतीस तुकड्यांचे काहीही होवो, चार आणि सहा मी स्वतः सांभाळीन, बिल्ले न बांधता, न मोजता, कुणाला न सांगता. आयुष्यात एकदा तरी मोजण्याऐवजी काहीतरी करीन. वय सत्तावन्न, गुडघे शाबूत. वीस वर्षे तर नक्की.

दोन दिवस फळे भिजली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा मामा पाटावर बसून एकेक बी घासत होते आणि मामी स्वच्छ पाण्याची बादली भरत होत्या. बिया एकशे अडतीस होत्या. मोजायच्या नाहीत असे ठरवूनही मी मोजल्या. दिसायला उत्तम, टपोऱ्या, तपकिरी, पूर्वीसारख्याच. मामांनी ओंजळ ओंजळ बादलीत सोडल्या. एकेक बी पाण्यात गेली, जरा थबकली आणि वर आली.

आम्ही थांबलो. मामांनी हाताने पाणी ढवळले. तळ दिसत होता; बादलीच्या तळावरची जुनी भेग स्पष्ट दिसत होती.

“पाणी बदलून बघ,” ते मामींना म्हणाले. मामींनी दुसरी बादली आणली, नवी, निळी. तिच्यातही तेच झाले.

मी समजावून सांगू लागले. पाचच झाडे उरली, एकमेकांपासून लांब. मधमाश्या रबराचा मळा ओलांडून येत नाहीत. मग झाड स्वतःच्याच परागाने फळते, फळ बाहेरून पुरे वाढते आणि बीच्या आत काही नसते. हे सगळे मला ठाऊक होते, कारणांसह, वर्षांसह. समजावणे हा माझा धंदाच होता.

मामा ऐकत होते की नाही, कळले नाही. पूर्वी शंभरात दहा-बारा तरंगायच्या, ते म्हणाले. शेवटच्या वर्षी निम्म्याहून जास्त तरंगल्या होत्या. “मला वाटलं, त्या वर्षी बादली मोठी घेतली म्हणून.”

मी म्हणाले, सलग जंगलातून बिया आणता येतील. मग आठवले की तिथे सोमवारपासून मोजमापाचे खुंट ठोकायला सुरुवात झाली होती आणि आत जायला परवाना लागत होता. तो अर्ज सरासरीच्या कार्यालयात करायचा होता. मामींनी विचारले, चहा टाकू का. आणि उत्तराची वाट न बघता टाकायला आत गेल्या.

मामांनी एक बी निवडली, सर्वांत मोठी. तिच्यावर अंगठा ठेवून ती हळूहळू बादलीच्या तळापर्यंत दाबत नेली, मातीत दाबत तशीच, आडवी, सपाट बाजू खाली. तिथे बराच वेळ धरून ठेवली. पाणी मनगटापर्यंत आले होते, बाही भिजत होती. मग त्यांनी अंगठा काढला.